सहाशे रुपयांची स्पायरल प्रत

ताई,

मी फोंड्याचा, वय २५, कुंडईला एका कंपनीत कामाला आहे. दर रविवारी संध्याकाळी आम्ही सहाजण माझ्या घरी टेबलटॉप रोलप्लेइंग गेम खेळतो (टेबलाभोवती बसून, फासे टाकत, आपापलं पात्र होऊन पुढे न्यायची गोष्ट), ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ची पाचवी आवृत्ती. मी गेम मास्टर, म्हणजे गोष्ट चालवणारा. रूलबुकं सगळी टेलिग्रामवरून उतरवलेली. ती झेरॉक्सच्या दुकानात छापून, स्पायरल मारून आम्ही वापरायला लागलो. मग मडगाव, म्हापशाहून मागणी येऊ लागली. एका प्रतीला मला ३५० रुपये खर्च येतो, मी ६०० घेतो. वर्षभरात ३० प्रती गेल्या. शिवाय सगळ्या पीडीएफचं एक ड्राइव्ह फोल्डर आहे, त्याची लिंक २०० रुपयांना देतो.

आमच्यातल्याच एका मैत्रिणीने देवचार आणि राखणदार या आपल्या लोककथांतल्या शक्तींवर २४ पानांचा छोटा गेम लिहून १५० रुपयांना ऑनलाइन विकायला ठेवला. मला तिने फाइल आधीच वाचायला पाठवली होती. ती फोल्डरमध्ये गेली आणि ११ जणांपर्यंत पोचली. तिला ते मडगावच्या एका मुलाकडून कळलं. ‘निदान विचारायचंस तरी,’ एवढंच ती म्हणाली. त्यानंतर ती खेळायला आलेली नाही.

मी चोर आहे का? मूळ पुस्तक चार हजारांच्या वर जातं, आणि मी विचारलं त्या एकाही दुकानात ते नव्हतं. कंपनी अब्जावधी डॉलर्सची आहे, माझ्या ३० प्रतींनी तिचं काय बिघडतं? एक मित्र म्हणतो, दिल्लीच्या कोर्टाने पुस्तकांच्या झेरॉक्सला परवानगी दिली आहे. आणि शेवटचं: मीही बंद पडलेल्या खाणीवर एक साहस, म्हणजे या खेळात खेळायची गोष्ट, लिहितो आहे. पीडीएफ विकायला ठेवली की चोरी होणारच, मग ठेवू की नको?

– गेम मास्टर, फोंडा

चि. गेम मास्टर,

ती लिंक आज बंद कर. हे उत्तर पुढे वाचण्याआधी फोन हातात घे, फोल्डरचं शेअरिंग काढून टाक, आणि झेरॉक्सच्या दुकानात तुझी छापायची फाइल ठेवलेली असेल तर तीही काढून घे. बाकीचं सावकाश बोलू, पण हे रविवारपर्यंत थांबण्यासारखं नाही. तू विचार करत बसशील तेवढ्या वेळात बारावा माणूस तुझ्या मैत्रिणीचा गेम उतरवून घेईल.

आता तिच्याबद्दल. तुझं पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं, आणि कंपनीचा, कोर्टाचा, किमतीचा विषय तू जेवढा लांबवला आहेस त्या मानाने तिच्याबद्दल फारच थोडं लिहिलं आहेस. मला मात्र पत्रातली सगळ्यात मोठी गोष्ट तीच वाटते. तिने तुला फाइल दिली ती तपासायला. लिहिणारा माणूस अप्रकाशित मजकूर ज्याच्या हातात देतो, त्याच्यावर तो फार मोठा भरवसा टाकतो. त्यात चुका असतात, अर्धवट राहिलेल्या जागा असतात, ‘हे जमलंय का?’ अशी धाकधूक असते. आणि नेमकी ती कच्ची फाइल, तिने शेवटचा हात फिरवण्याआधीची, तिच्या नावाने ११ अनोळखी माणसांकडे गेली. १५० रुपये बुडाल्याचं दुःख असतं, पण मला वाटतं तिला याचं जास्त लागलं असेल.

तिला भेट. मेसेज नको, आणि ग्रुपवर तर मुळीच नको. तिच्या घरी माणसं असतील तर बाहेर कुठेतरी भेट. तिला सरळ सांग: लिंक अमुक दिवशी बंद केली, फाइल या ११ जणांकडे गेली, त्यांची नावं ही. नावं तिला द्यायची, कारण आपलं लिखाण कोणाच्या हाती आहे हे कळण्याचा तिला अधिकार आहे. मग ११ गुणिले १५०, म्हणजे १,६५० रुपये तिच्या हातावर ठेव. ती नको म्हणेल, तरी ठेव. ‘तसे ते ११ जण काही विकत घेणार नव्हतेच’ हा हिशेब तिच्यासमोर काढू नकोस. तो खरा असेलही, पण तो मांडायचा हक्क तुझ्याकडे उरलेला नाही. त्या ११ जणांना तू स्वतः कळव की ही फाइल परवानगीशिवाय गेली होती, पक्की आवृत्ती अमुक ठिकाणी मिळते, जुनी कृपया काढून टाका. सगळे काढतील असं नाही. काही जण काढतील, एखादा विकतही घेईल.

आणि ‘रविवारी परत येशील ना’ हे त्या भेटीत विचारू नकोस. माफी मागायला जाऊन लगेच काहीतरी मागून यायचं नसतं.

मी चोर आहे का, असं तू विचारतोस. शिक्का मारण्यात मला रस नाही, पण तू दोन वेगवेगळ्या गोष्टी एकाच गाठोड्यात बांधल्या आहेस, त्या सोडवून दाखवते. परवडत नाही, मिळत नाही म्हणून एखाद्याने पीडीएफ उतरवून आपल्या पाच मित्रांबरोबर खेळणं ही एक गोष्ट. ती योग्य आहे असं मी म्हणणार नाही, पण तिच्यामागची ओढ मला कळते. वाचनाची भूक असलेल्या आणि खिसा रिकामा असलेल्या मुलांनी हे नेहमीच केलं आहे. दुसऱ्याने लिहिलेलं, चितारलेलं, तपासलेलं पुस्तक छापून त्यावर प्रतीमागे अडीचशे रुपये स्वतःकडे ठेवणं ही मात्र सर्वस्वी वेगळी गोष्ट. तिथे तू वाचक राहिला नाहीस, दुकानदार झालास, आणि माल तुझा नव्हता.

कायदाही हीच रेघ ओढतो. आपला कॉपीराइट कायदा १९५७ चा. त्याच्या ५१ व्या कलमात विक्रीसाठी प्रती तयार करणं आणि त्या विकणं हे हक्कभंग म्हणून स्पष्ट लिहिलेलं आहे. ६३ व्या कलमानुसार जाणूनबुजून हक्कभंग करणाऱ्याला ६ महिने ते ३ वर्षं कैद आणि ५०,००० ते २ लाख रुपये दंड होऊ शकतो. हक्कभंग धंद्यातल्या फायद्यासाठी केलेला नसेल, तर सबळ कारणं नोंदवून न्यायालय शिक्षा कमी करू शकतं. तुझ्या प्रतीमागच्या अडीचशे रुपयांनी तुझा नेमका तोच आधार काढून घेतला आहे. तुला घाबरवायचं म्हणून हे लिहीत नाही. पण तुझ्यासोबत तो झेरॉक्सवालाही यात ओढला जाऊ शकतो, आणि त्याला बिचाऱ्याला तू काय छापायला देतोस याची कल्पना असेलच असं नाही.

तुझ्या मित्राने सांगितलेला दिल्लीचा निकाल खरा आहे. २०१६ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात दिल्ली विद्यापीठाच्या आवारातल्या एका झेरॉक्स दुकानाचा खटला गाजला होता. परदेशी प्रकाशक एका बाजूला, विद्यापीठ आणि दुकानदार दुसऱ्या बाजूला. पण तिथे प्रश्न होता अभ्यासक्रमासाठी शिक्षकांनी नेमून दिलेल्या उताऱ्यांच्या संचांचा, आणि कायद्याच्या ५२ व्या कलमात शिक्षणाच्या ओघात शिक्षक-विद्यार्थ्यांनी केलेल्या प्रतींना सूट आहे, तिचा आधार होता. रविवारच्या खेळाला ती सूट लागू होत नाही, आणि अख्खं पुस्तक नफ्यावर विकायला तर नाहीच नाही. मित्राला सांग, बातमीचा मथळा वाचून धंदा काढू नये.

आता कंपनी. ती मोठी आहे, मान्य. हा खेळ १९७४ मध्ये गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी आणला, तो काढणारी टीएसआर कंपनी डबघाईला आल्यावर १९९७ मध्ये विझार्ड्‌स ऑफ द कोस्टने ती घेतली, आणि १९९९ मध्ये हॅस्ब्रो या खेळण्यांच्या कंपनीने विझार्ड्‌सच विकत घेतली. तुझ्या ३० प्रतींनी हॅस्ब्रोचा ताळेबंद हलणार नाही. पण मोठ्या कंपनीचं नुकसान आधी मोठ्या साहेबांच्या ताटात पडतं असं कुठे आहे? २०२३ च्या डिसेंबरात हॅस्ब्रोने सुमारे १,१०० जणांना कमी करण्याचा निर्णय जाहीर केला, आणि त्यात या खेळावर वर्षानुवर्षं काम केलेली माणसंही गेली. त्याचं कारण पायरसी होती असं मी म्हणत नाही. ‘कंपनी’ म्हणून आपण जिच्याकडे बोट दाखवतो, तिच्यात पगारावर आणि शब्दामागे मानधनावर जगणारे लेखक-चित्रकार असतात, एवढंच तुझ्या ध्यानात आणून द्यायचं आहे.

शिवाय तुझ्या फोल्डरमध्ये एकट्या त्या कंपनीचीच पुस्तकं आहेत का? नीट बघ. रोलप्लेइंगच्या दुनियेत बहुतेक पुस्तकं एक-दोन माणसांनी घरी बसून केलेली असतात. लिहिणारा तोच, मांडणी करणारा तोच, फारतर एक ओळखीचा चित्रकार. त्यांना शंभर प्रतींचा खप हा मोठा खप असतो. दोनशे रुपयांत तू सगळ्यांची मोट बांधून दिलीस आणि त्यात हॅस्ब्रोचं पुस्तक नि तुझ्या मैत्रिणीचा गेम एकाच भावात गेले. आणखी एक कर: काही पीडीएफच्या पानांच्या तळाशी बारीक अक्षरात एखाद्याचं नाव आणि ऑर्डरचा नंबर दिसतो का पाहा. ड्राइव्हथ्रूआरपीजी या ऑनलाइन दुकानातून घेतलेल्या पुष्कळ फाइल्सवर खरेदीदाराचं नाव असं छापून येतं. कोणीतरी पैसे देऊन घेतलेली प्रत एखाद्या मित्राला दिली, आणि ती फिरत फिरत फोंड्यात येऊन विकली गेली. मैत्रिणीच्या बाबतीत घडलं ते त्या फोल्डरमध्ये आणखी कितीजणांच्या बाबतीत घडलं असेल!

कंपनीवर राग असेल तर तो काढायचा सरळ मार्गही आहे, आणि तो चालतो. २०२३ च्या जानेवारीत विझार्ड्‌सने इतरांना या नियमांवर आपले गेम काढू देणारा, २००० सालापासूनचा खुला परवाना बदलून छोट्या लेखकांना आवळायचा घाट घातला. खेळाडू चिडले, लोकांनी त्यांच्या डिजिटल सेवेची वर्गणी रद्द केली, आणि महिना संपायच्या आत कंपनीला माघार घ्यावी लागली. नुसती माघार नव्हे. पाचव्या आवृत्तीचा मूळ नियमसंच, ज्याला एसआरडी म्हणतात, तो २७ जानेवारीला क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली कायमचा खुला करावा लागला.

ही गोष्ट तुला माहीत नसावी, नाहीतर तू ३० प्रती त्या पद्धतीने छापल्याच नसत्यास. एसआरडी ५.१ हा सुमारे चारशे पानांचा दस्तऐवज आहे. त्यात फासे कसे टाकायचे, लढाई कशी चालते, मंत्र, राक्षस, शस्त्रं, सगळं आहे. तो फुकट उतरवता येतो. तो छापता येतो. आणि मूळ स्रोताचा उल्लेख ठेवलास तर तो पैसे घेऊन विकताही येतो! तू झेरॉक्सच्या दुकानात जे चोरून करत होतास, तेच या मजकुरावर उजळ माथ्याने करता आलं असतं. त्यात सगळं नाही हे खरं: पात्रांच्या प्रत्येक वर्गाची (लढवय्या, जादूगार वगैरे) एकेकच शाखा आहे, पार्श्वभूमी एकच, चित्रं नाहीत. पण नवशिक्या गटाला वर्षभर पुरेल एवढा ऐवज त्यात नक्की आहे. २०२४ च्या सुधारित नियमांवरचा एसआरडी ५.२ देखील २०२५ मध्ये त्याच परवान्याखाली आला.

बाकी खेळांचंही तसंच आहे. पाथफाइंडरचे नियम ‘आर्काइव्ह्‌ज ऑफ नेथिस’ या संकेतस्थळावर प्रकाशकाच्या संमतीने सगळ्यांना खुले आहेत. ‘फेट कोअर’ची पीडीएफ जमेल तेवढे पैसे देऊन घेता येते. ‘आयर्नस्वॉर्न’ फुकट आहे, एकट्याने खेळायलाही छान. ‘बेसिक फँटसी’ फुकट, आणि छापील प्रत जवळजवळ छपाईच्या खर्चात. इच.आयओ या गेम विकायच्या संकेतस्थळावर अनेक लेखक ज्यांना परवडत नाही त्यांच्यासाठी काही प्रती मोफत राखून ठेवतात, ‘कम्युनिटी कॉपी’ म्हणून. कारण विचारत नाहीत, लाजायचंही कारण नाही. लिहिणाऱ्यांनी स्वतःच एवढी दारं उघडी ठेवली असताना टेलिग्रामच्या खिडकीतून आत जायची पाळी आपल्यावर का यावी?

आणि मूळ पुस्तकच हवं असेल तर? तू फोंड्याचा आहेस, उत्सवी रंगभूमीच्या गावचा. जत्रेच्या, काल्याच्या नाटकाला मंडळी काय करतात ते तू लहानपणापासून पाहिलं असशील. नाटकाचं पुस्तक दिग्दर्शकाकडे आणि प्रॉम्प्टरकडे. बाकीच्यांना आपापल्या भूमिकेच्या नकला उतरवून दिलेल्या. दहा पात्रांसाठी दहा पुस्तकं घ्यायची कोणालाही गरज पडत नाही. तुमच्या टेबलाचंही अगदी तसंच आहे. गेम मास्टरकडे एक रूलबुक, बाकी पाचजणांकडे आपापली कॅरेक्टर शीट, म्हणजे आपल्या पात्राच्या माहितीचा कागद, आणि आपल्या मंत्रांची, शस्त्रांची हाताने उतरवलेली दोन पानं. खेळताना अडलं की पुस्तक फिरवायचं. ‘प्लेअर्स हँडबुक’ची छापील किंमत ४९.९५ डॉलर होती, नव्याची ४९.९९, म्हणजे चार हजारांवर थोडे. सहाजणांत वाटली तर माणशी सातशे. तू तुझी स्पायरल प्रत सहाशेला विकत होतास. शंभर रुपये जास्त घातले असते तर प्रत्येकाचा वाटा खऱ्या, पक्क्या बांधणीच्या पुस्तकात पडला असता!

नाटकाचा विषय निघालाच आहे तर थोडं आणखी बोलते, कारण हा माझ्या जिव्हाळ्याचा विषय आहे. मराठी नाटकाच्या पुस्तकात सुरुवातीलाच छापलेलं असतं की प्रयोगासाठी लेखकाची लेखी परवानगी हवी, मानधन द्यायला हवं. कला अकादमीच्या स्पर्धेत उतरायचं म्हटलं की मंडळी ती परवानगी धावपळ करून मिळवतात. पण गावच्या उत्सवातल्या प्रयोगाला? मांडवाला पैसे असतात, लाइटला असतात, मेकअपवाल्याला असतात, जेवणाला तर असतातच. आणि ज्याच्या शब्दांवर अख्खी रात्र उभी राहिली, त्याच्या मानधनाची पाळी आली की ‘देवाचं काम आहे हो’ असं म्हणून त्याला हात जोडायचे. संहितेची झेरॉक्स या गावातून त्या गावात जाते, नाव कधी राहतं, कधी गळून पडतं. लेखक कुरकुरला तर तोच कोत्या मनाचा ठरतो. मला याचा मनापासून राग येतो. गोव्यात मराठी नाटकावर एवढा जीव टाकणारी माणसं आहेत, आणि त्याच माणसांना लिहिण्याच्या कष्टाचे पैसे द्यायचे असतात हे सांगावं लागतं. तुझ्या पिढीने तरी आपल्या नव्या खेळात ही सवय आणू नये. तुमच्यात आज एक लिहिणारी मुलगी निघाली आहे, आपल्या डोंगरातला देवचार तिने खेळात आणला आहे. तिच्या पहिल्याच पुस्तकाला तिच्याच मित्राने असा दगा दिला तर ती दुसरं कशाला लिहील?

म्हणून तुझा शेवटचा प्रश्न मला आवडला. खाणीवरचं साहस लिही, आणि विकायलाही ठेव. चोरी होईल का? होईल, चांगलं असेल तर नक्की होईल. पण तिला घाबरून पुस्तक कुलपात ठेवल्याने काय होतं हे याच विझार्ड्‌स कंपनीने करून पाहिलं आहे. २००९ च्या एप्रिलमध्ये नव्या ‘प्लेअर्स हँडबुक २’ची पीडीएफ बेकायदा पसरल्यावर कंपनीने आठजणांवर दावे लावले आणि आपल्या सगळ्याच पीडीएफची विक्री एका झटक्यात थांबवली, जुन्या पुस्तकांसकट. फुकट्या मंडळींचं काही अडलं नाही, त्यांच्याकडे फाइल्स होत्याच, आणि छापील पुस्तक स्कॅन करायला किती वेळ लागतो? दार बंद झालं ते पैसे मोजायला तयार असलेल्यांचं. जुनी पुस्तकं परत विक्रीला यायला २०१३ चा जानेवारी उजाडला. ड्राइव्हथ्रूआरपीजीनेही २००४ मध्ये सुरुवात केली तेव्हा फाइल्सना डिजिटल कुलपं होती. गिऱ्हाइकांनी इतका वैताग केला की ती सोडून पानाच्या तळाशी नाव छापायची साधी पद्धत त्यांनी धरली.

तेव्हा तू कुलूप लावू नकोस. किंमत अशी ठेव की आपल्याकडच्या कॉलेजच्या मुलाला विचार न करता देता येईल, शंभर-दीडशे. पहिली चार पानं फुकट वाचू दे. पुस्तकाच्या शेवटी तू कोण, कुठला, पुढे काय लिहितो आहेस हे दोन ओळींत लिही. चोरलेली प्रत वाचणाऱ्यालाही तुझा पत्ता मिळू दे, त्यातलेही काही जण पुढच्या वेळी पैसे देतात. इच.आयओवर विक्रीतला किती हिस्सा त्यांना द्यायचा हे तूच ठरवतोस, नेहमीचा दहा टक्के असतो; ड्राइव्हथ्रूआरपीजी तुला ६५ टक्के देते, फक्त त्यांच्याकडेच विकायचं कबूल केलंस तर ७०. ओळखीच्या लोकांना थेट यूपीआयवर विकलंस तर सगळेच तुझे. आणि तुझी फाइल कोणाच्या फोल्डरमध्ये सापडली, तर तुझ्या मैत्रिणीची पहिली प्रतिक्रिया आठव. तिने कोर्टाचं नाव काढलं नाही. विचारायचंस तरी, म्हणाली. तूही आधी माणसासारखं विचार, ‘हे माझं आहे, काढशील का?’ छोट्या लेखकाचा असा निरोप आला की बरेच जण काढतात.

राहिले ते ३० प्रतींवरचे साडेसात हजार रुपये, आणि लिंकचे वेगळे. ते तुझे नाहीत, हे तुलाही कुठेतरी वाटतं आहे, नाहीतर तू मला पत्र लिहिलं नसतंस. ज्यांनी प्रती घेतल्या त्यांना सांग, कोणाला पैसे परत हवे असतील तर दे. बहुतेक जण घेणार नाहीत. जे उरतील त्यातून तुमच्या टेबलासाठी एक खरं हँडबुक घे, आणि फोल्डरमधल्या ज्या छोट्या लेखकांचे गेम तुम्ही खरोखर खेळलात, त्यांच्या प्रती रीतसर विकत घे. ज्यांचं नुसतं साठवून ठेवलंस ते पुसून टाक. न वाचलेल्या चारशे पीडीएफ कोणाच्याच उपयोगाच्या नसतात. पणजीला पाटोवर कृष्णदास शामा ग्रंथालय आहे, तिथेही एखादं रूलबुक घ्यावं असं सुचवून पाहा. तुमच्यासारखे आणखी दोन-चार गट एकत्र येऊन विनंती केली तर ती जास्त वजनदार होईल.

आणि मडगाव-म्हापशाची मागणी तोडू नकोस, तिला नवीन वळण दे. स्पायरल प्रत हवी असणाऱ्यांना एसआरडीची दे. त्याहून मोठं काम तुझ्यासमोर आहे: त्या परवान्यात अनुवादालाही मोकळीक आहे. इंग्रजीच्या चारशे पानांना बिचकून दूर राहिलेली डिचोली-पेडण्याची किती मुलं मराठीत नियम मिळाले तर फासे हातात घेतील! सगळं एकदम करू नकोस. आधी फासे, सहा गुण, लढाईची फेरी आणि पहिल्या तीन पातळ्या, एवढं चाळीस पानांत मराठीत आण. तुझ्या गटावर एक महिना वापरून बघ, अडतील ते शब्द बदल, मग छाप. किंमत छपाई अधिक तुझी मेहनत. ते पैसे घेताना कोणाच्या नजरेला नजर द्यायला तुला अवघड जाणार नाही.

दुसऱ्या पानावर मूळ एसआरडीची परवान्याची नोंद जशी दिली आहे तशी छाप, परवान्याचा पत्ता दे, आणि खाली मराठीत लिही की हा अनुवाद अमक्याने केला असून मूळ मजकुरात संक्षेप आणि बदल केले आहेत. त्या परवान्याची अट एवढीच आहे.

– ताई